उसवून शिकण्याची विद्या

पॅरासिटामॉलचा रेणू फळ्यावर काढायला अर्धा मिनिटही लागत नाही. बेंझीनचे षटकोनी कडे, एका टोकाला हायड्रॉक्सिल गट, बरोबर समोरच्या टोकाला नायट्रोजन आणि त्याला जोडलेला अ‍ॅसिटिल गट. एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला मी तो काढत असे आणि विचारत असे, "हा बनवायचाय. सुरुवात कुठून कराल?" वर्ग गप्प. आल्डॉल, मायकेल, विटिग, डील्स–आल्डर ही नावे झोपेतून उठवून विचारली तरी सांगणारी मुले, इलेक्ट्रॉनचे वाकडे बाण बिनचूक काढणारी. तरी हात वर येत नसे. त्यांचे सगळे पाठांतर एकाच दिशेने चालत होते: हे आणि ते एकत्र केले तर काय मिळेल? मिळालेले समोर आहे, ते कशाकशातून आले असेल, हा प्रश्न त्यांना तोवर कोणी विचारलाच नव्हता.

सेंद्रिय संश्लेषणाचे नियोजन म्हणजे हा दुसरा प्रश्न. तो संगणकाच्या मदतीने कसा शिकवावा, हे सांगणाऱ्या या अभ्यासपुस्तिकेची प्रस्तावना लिहायला बसलो आणि मला आमच्या गल्लीतला शिंपी आठवला. शिकायला आलेल्या पोराच्या हाती तो पहिले काही आठवडे कात्री देत नसे. जुने सदरे देई आणि उसवायला सांगे. कापड न फाडता, शिवणीवरून. बाही कुठे जोडली आहे, कॉलर आधी लागली की नंतर, कुठले काम उरकल्याशिवाय कुठले करता येत नाही, हे त्या पोराला उसवता उसवता कळे. रसायनशास्त्रज्ञ लक्ष्य रेणूचे हेच करतो, फक्त कागदावर. एक बंध तोडायचा, हाती आलेल्या तुकड्यांकडे पाहायचे, ते पुन्हा उसवायचे आणि बाजारात सहज मिळणाऱ्या बाटल्यांपाशी पोचलो की थांबायचे. याला रेट्रोसिंथेसिस म्हणतात. या पुस्तिकेत 'प्रतिसंश्लेषण' हा शब्द योजला आहे. दुहेरी रेघांचा पोकळ बाण ही त्याची खूण. साधा बाण सांगतो 'यापासून ते होते', पोकळ बाण विचारतो 'हे कशापासून होईल?'

असे उसवणे मोठे रसायनशास्त्रज्ञ फार पूर्वीपासून करत होते. १९०१ मध्ये विलस्टेटर यांनी ट्रोपिनोन हा रेणू पायरीपायरीने, लांबच्या वाटेने बनवला आणि शेवटी हाती आलेले उत्पादन एक टक्क्याहूनही कमी होते. १९१७ मध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्याच रेणूवर मनातल्या मनात ठिपक्यांच्या रेषा ओढल्या, तिथे जलविच्छेदन झाले असे कल्पिले आणि रेणूचे तीन साधे तुकडे पाडले. मग सक्सिनाल्डिहाइड, मेथिलअमीन आणि अ‍ॅसिटोनचे एक आम्लरूप एकाच भांड्यात घालून ट्रोपिनोन मिळवून दाखवले. पण ही दृष्टी रॉबिन्सन यांच्यापाशी होती. ती दुसऱ्याला कशी द्यायची, याची रीत नव्हती. गुरूच्या शेजारी उभे राहायचे, वर्षानुवर्षे पाहायचे, जमले तर जमले.

रीत घडवली ती इलायस जेम्स कोरी यांनी. १९५७ च्या सुमारास ज्या रेणूवर विचार करताना त्यांना ती सापडली, त्याचे मूळ भारतात आहे. लाँगिफोलीन हा पंधरा कार्बनांचा, तीन कड्यांच्या गुंत्याचा हायड्रोकार्बन. हिमालयाच्या उतारावरच्या चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनमधून सायमनसन यांनी तो १९२० मध्ये वेगळा केला आणि त्या झाडाच्या तेव्हाच्या शास्त्रीय नावावरून, पायनस लाँगिफोलिया, त्याचे नाव पडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव यांनी याच रेणूच्या रसायनावर दीर्घकाळ काम केले. कोरी यांच्या लाँगिफोलीन संश्लेषणाच्या १९६४ च्या सविस्तर लेखावर त्यांच्यासोबत ज्यांची नावे आहेत, त्यांत मित्रा आणि वटकेनचेरी हे दोघे भारतीय आहेत. या रेणूचा प्रत्येक बंध कोरी यांनी तपासला. कुठला तोडला तर गुंता सुटतो, कुठला तोडला तर उलट वाढतो? गुंता सोडवणाऱ्या बंधांना त्यांनी 'मोक्याचे बंध' मानले. शिंप्याच्या भाषेत, ही खरी शिवण. या विचाराला शास्त्राचे रूप दिल्याबद्दल १९९० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आता या पुस्तिकेच्या विषयाकडे येतो. रीत सापडल्यावर कोरी यांना वाटले की हे खरेच शास्त्र असेल, तर ते यंत्रालाही शिकवता आले पाहिजे. १९६९ मध्ये त्यांनी आणि टॉड विपके यांनी 'सायन्स' नियतकालिकात संगणकाच्या साहाय्याने संश्लेषणाची आखणी कशी करता येते, हे मांडले. रसायनशास्त्रज्ञ विजेरी लेखणीने रेणूचे चित्र काढी, संगणक पडद्यावर त्याचे पूर्वज दाखवी, रसायनशास्त्रज्ञ त्यांतला एक निवडी आणि डाव पुढे चाले. यातूनच 'ल्हासा' हा प्रोग्रॅम उभा राहिला. त्याच्या इंग्रजी नावातच 'तर्क' आणि 'ठोकताळे' हे दोन्ही शब्द आहेत. पुढे विपके यांचा 'सेक्स', गेलर्न्टर यांचा 'सिनकेम', हेन्ड्रिक्सन यांचा 'सिनजेन' आले, आणि म्युनिकमध्ये उगी व गास्टायगर यांनी रेणूंना गणिती सारण्यांत बसवून वेगळीच वाट काढली.

या इतिहासात मला सगळ्यात मोलाचे वाटते ते यंत्र नव्हे, यंत्रासाठी करावे लागलेले लेखन. अभिक्रियेचा नियम यंत्राला देताना 'अमुक मिळते तमुकपासून' एवढे सांगून भागत नव्हते. प्रत्येक नियमाला एक मूळ गुणांकन असे आणि मग आक्षेपांची यादी: जवळ अमुक गट असेल तर गुण कमी करा, कडे लहान असेल तर आणखी कमी, मोकळा हायड्रॉक्सिल असेल तर त्याला आधी संरक्षण द्या, तमुक असेल तर नियम रद्दच. हे नियम साध्या इंग्रजीसारख्या भाषेत लिहीत, म्हणजे संगणक न येणाऱ्या रसायनशास्त्रज्ञालाही ते वाचता येत. ग्रिन्यार्ड अभिकर्मक पाण्याच्या थेंबानेही मरतो, हे प्रत्येक प्राध्यापकाला माहीत. पण 'रेणूच्या दुसऱ्या टोकाला आम्लधर्मी हायड्रोजन बसलेला नाही ना, ते आधी बघ' हे वाक्य वर्गात किती जण उच्चारतात? आम्ही त्याला 'अनुभव' म्हणत आलो आणि अनुभव शिकवता येत नाही, असे म्हणून सुटका करून घेत आलो. यंत्र निर्बुद्ध असल्यामुळे त्याच्यापुढे ही पळवाट चालली नाही. त्याला सगळे शब्दांत सांगावे लागले. विद्यार्थ्याला सांगायचे जे राहून गेले होते, तेच नेमके हे.

अध्यापनासाठी संगणक वापरण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या जाळ्यावर स्टॅन्ली स्मिथ यांनी १९७० च्या दशकात सेंद्रिय रसायनाचे धडे रचले होते. १९७८ मध्ये केंब्रिजच्या स्टुअर्ट वॉरन यांचे संश्लेषण-आखणीचे पुस्तक आले. त्यात संगणक नव्हता, पण रचना प्रोग्रॅमसारखीच होती: प्रश्न, मग थांबा, उत्तर झाका, स्वतः काढा, पुढच्या चौकटीत ताडून पाहा. आपल्याकडच्या कित्येक विद्यार्थ्यांनी प्रतिसंश्लेषणाची गोडी त्याच पुस्तकाच्या झिजलेल्या झेरॉक्सवर लावून घेतली. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन आवारातून चेन आणि बाल्डी यांनी एक सराव-प्रणाली प्रसिद्ध केली. तिचा गुण असा की विद्यार्थ्याने चुकीचा अभिकर्मक निवडला, तर ती नुसती फुली मारत नसे. त्या अभिकर्मकाने प्रत्यक्षात काय तयार झाले असते, ते दाखवी. चुकीचा परिणाम डोळ्यांसमोर आला की चूक लक्षात राहते. साठ जणांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे प्रत्येकासाठी करणे शक्य नसते.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. जुन्या प्रोग्रॅमांची मुख्य अडचण आकड्यांची होती. प्रत्येक पायरीवर समजा तीस पर्याय आहेत. सहा पायऱ्या मागे गेलो तर ७२ कोटी ९० लाख वाटा होतात. माणूस त्यांतल्या बहुतेक न पाहताच सोडून देतो. यंत्राला 'सोडून देणे' शिकवावे लागते. ग्झिबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 'केमॅटिका' साठी हाताने सुमारे ५०,००० नियम लिहिले; २०१८ मध्ये तिने आखलेल्या आठ लक्ष्य रेणूंच्या वाटा प्रयोगशाळेत चालवून पाहण्यात आल्या. त्याच वर्षी सेगलर, प्रॉयस आणि वॉलर यांनी 'नेचर' मध्ये उलटी पद्धत मांडली: नियम कोणी लिहायचेच नाहीत, १ कोटी २४ लाख छापील अभिक्रिया वाचून चेतासदृश जाळ्याने ते स्वतः उचलायचे, आणि गो या खेळात संगणक वापरतो तशा शोधपद्धतीने वाटा धुंडाळायच्या. कुठली वाट यंत्राची आणि कुठली वाङ्मयातली हे न सांगता ४५ रसायनशास्त्रज्ञांपुढे दोन्ही ठेवल्या, तेव्हा त्यांचा कौल सरासरीने कुठल्याच बाजूला झुकला नाही. आज 'आयझिंथफाइंडर', 'आस्ककॉस' यांसारखी साधने खुली आणि मोफत आहेत. जे काम एकेकाळी कोरी यांच्या हार्वर्डमधल्या खास यंत्रावर चाले, ते आता तालुक्याच्या महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर करता येते.

म्हणूनच ही पुस्तिका आत्ता हवी होती. साधन हाती येणे आणि शिकणे यांत फरक आहे. यंत्र काही मिनिटांत वाट दाखवते आणि विद्यार्थी ती वहीत उतरवून मोकळा होतो. गाईडमधले उत्तर उतरवण्याहून हे वेगळे नाही. उलट अधिक घातक, कारण गाईडवर थोडा तरी संशय असतो. लेखकांनी यावर काढलेला तोडगा मला पटला. प्रत्येक धड्यात क्रम ठरलेला आहे: आधी पेन्सिलीने स्वतःची वाट, मग यंत्राची, आणि शेवटी 'आक्षेप' हा रकाना. गुण या तिसऱ्या रकान्याला सर्वाधिक.

पॅरासिटामॉलचेच पाहा. अमाइडचा बंध तोडला की पॅरा-अमिनोफिनॉल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड मिळतात. ही वाट माणसालाही दिसते, यंत्रालाही. इथे विद्यार्थ्याने विचारायचे: रेणूत हायड्रॉक्सिलही आहे, मग अ‍ॅसिटिल गट तिकडे का जात नाही? नायट्रोजन ऑक्सिजनपेक्षा अधिक उत्सुक असतो, म्हणून संरक्षक गटाची गरज पडत नाही. एक पायरी वाचली, आणि का वाचली ते कळले. पुढे पॅरा-अमिनोफिनॉल कुठून आणायचे? यंत्र म्हणेल, फिनॉलचे नायट्रेशन करा आणि नायट्रो गटाचे क्षपण करा. पण ज्या मुलीने प्रात्यक्षिकात फिनॉलचे नायट्रेशन केले आहे, तिला ठाऊक असते की ऑर्थो आणि पॅरा दोन्ही एकत्र मिळतात. वाफेच्या ऊर्ध्वपातनात ऑर्थो निघून जातो आणि पॅरा फ्लास्कमध्ये राहतो. यंत्राच्या वाटेत हा फ्लास्क नसतो. आणखी एक वाट तर शिवणच लपवते: फिनॉलला अ‍ॅसिटिल गट कड्यावर जोडायचा, त्या कीटोनचे ऑक्सिम करायचे आणि बेकमन पुनर्रचनेने नायट्रोजन कडे व कार्बोनिल यांच्या मधे सरकवायचा. नुसते बंध तोडत बसणाऱ्याला ही वाट दिसत नाही. उद्योगात मात्र ती वापरली गेली आहे.

यंत्र रेणूला कसे 'पाहते' हेही एका धड्यात आहे आणि तो मला विशेष आवडला. रेणूचे चित्र यंत्राला अक्षरांच्या ओळीत द्यावे लागते. हायड्रोजन गृहीत धरून कार्बन, कार्बन, ऑक्सिजन अशी ओळ लिहिली की इथेनॉल. मधे ऑक्सिजन घालून कार्बन, ऑक्सिजन, कार्बन लिहिले की डायमेथिल ईथर. अक्षरे तीच, क्रम बदलला आणि द्रवाचा वायू झाला. समघटकता शिकवण्यासाठी याहून सोपा धडा मला तरी माहीत नाही. अवकाशीय रचना या ओळीत विशिष्ट खुणांनी लिहावी लागते. ती खूण विसरली की यंत्र डावा-उजवा भेद निमूटपणे विसरते. विद्यार्थीही नेमके हेच विसरतात.

यंत्राच्या चुकांमागची कारणे प्रामाणिकपणे सांगितली आहेत, हे या पुस्तिकेचे बळ. बऱ्याच खुल्या साधनांचे शिक्षण अमेरिकन पेटंटांतून उचललेल्या अभिक्रियांवर झालेले असते. पेटंटात जमलेली अभिक्रिया छापतात. न जमलेली कोण छापतो? त्यामुळे यंत्राला यशाच्या कहाण्या पाठ असतात आणि अपयशाची ओळखच नसते. औषधउद्योगाला प्रिय असलेल्या अमाइडसारख्या जोडण्या त्याला वारंवार सुचतात, वेगळ्या वाटा क्वचित. किंमत, विषारीपणा, दिवसभर उणे अठ्ठ्याहत्तर अंशांवर भांडे ठेवण्याचा त्रास, यांतले किती त्याच्या हिशेबात धरले आहे, हे वापरणाऱ्यानेच तपासायचे असते.

एक स्वाध्याय तर प्रत्येक महाविद्यालयाने करून पाहावा. या साधनांना 'थांबायचे कुठे' हे सांगण्यासाठी उपलब्ध रसायनांची यादी द्यावी लागते. जागतिक विक्रेत्यांच्या लाखो रसायनांची यादी दिली, तर यंत्र दोन पायऱ्यांत थांबते. लेखक सांगतात, ती यादी काढून टाका आणि आपल्या स्टोअररूमच्या कपाटातल्या बाटल्यांची यादी स्वतः टाइप करून द्या. मग यंत्राला खोलवर उसवत जावे लागते. कधी त्याला वाट सापडतच नाही, आणि मुलांना कळते की संश्लेषण हे केवळ कागदावरचे कोडे नाही. हाताशी काय आहे, यावर ते अवलंबून असते.

परिस्थितीनुसार वाट बदलण्याचा हा धडा आपल्या देशाच्या औषधउद्योगाने फार आधी गिरवला आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर तो बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट दिले. रेणू तोच, वाट वेगळी, एवढ्या बळावर मुंबई, हैदराबाद, अहमदाबादच्या कंपन्या उभ्या राहिल्या. २००५ पासून रेणूवरचे पेटंट परत आले, तरी वाट शोधण्याची गरज संपलेली नाही. आता ती स्वच्छ आणि कमी कचऱ्याची हवी असते. आयबुप्रोफेनची जुनी वाट सहा पायऱ्यांची होती आणि अभिकर्मकांतले जेमतेम ४० टक्के अणू औषधात उतरत. १९९० च्या दशकात अमेरिकेत चालू झालेली नवी वाट तीन पायऱ्यांची, आणि ७७ टक्के अणू कामी लावणारी. दोन्ही वाटा शेजारी मांडून हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेतला आहे. आपल्याकडची एम.एस्सी. झालेली कितीतरी मुले तारापूर, महाड, कुरकुंभच्या कारखान्यांत नोकरीला लागतात. तिथे 'क कसा बनेल' यापेक्षा 'क यापेक्षा चांगला कसा बनेल' हा प्रश्न रोजचा असतो.

मराठीत हा विषय आणताना लेखकांनी भाषेचा अट्टहास टाळला, हेही नोंदवतो. प्रयोगशाळेत आपण यील्ड, टीएलसी, फ्लास्क म्हणतो. ते शब्द तसेच ठेवले आहेत. जिथे मराठी शब्दाने अर्थ उजळतो, तिथे मराठी शब्द वापरला आहे. स्पष्टीकरण मराठीत वाचले की विद्यार्थी मराठीत शंका विचारतो, आणि या विषयात शंका हेच भांडवल आहे.

शिक्षकांना एकच विनंती. पुस्तिकेच्या शेवटी काही पाने कोरी ठेवली आहेत. यंत्राने सुचवलेली आणि तुमच्या प्रयोगशाळेत न जमलेली अभिक्रिया तिथे मुलांकडून लिहून घ्या: काय घातले, किती तापवले, टीएलसीवर काय दिसले, शेवटी तळाशी काळा डांबरासारखा गोळा कसा राहिला. वर्षाअखेरीस ती पाने पुढच्या वर्गाला द्या. आमच्या गल्लीतला शिंपी उसवलेला सदरा पोराकडून पुन्हा शिवून घेई, आणि बाही उलटी लागली की ती तशीच खुंटीला टांगून ठेवी, पुढच्या पोराला दाखवायला.

पुणे
गुढीपाडवा